घरची अंगाई: झोक्याच्या मापाने गाणं कसं बांधायचं

बाळाला झोपवताना बहुतेक आया काहीतरी गुणगुणतात, आणि त्यातलं बरंचसं त्या क्षणी जुळवलेलं असतं. अर्धी ओळ आजीची असते, अर्धी आपली, मध्ये कुठेतरी बाळाचं नाव. विचारलं तर त्याच म्हणतात, "छे, मला कुठे गाता येतं!" गळा चांगला असण्याशी या कामाचा फारसा संबंध नाही. नवजात बाळ अनोळखी बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकायला जास्त धडपडतं, हे १९८० साली अमेरिकेत एका प्रयोगातून दिसलं: बाळ चोखणी कसं चोखतं त्यावर कुणाचा आवाज ऐकू येईल ते ठरायचं. म्हणजे श्रोता आधीच तुमच्या बाजूचा आहे. लागतं ते एक माप, चार-पाच स्वर आणि घरातलं थोडं सामान.

खाली आईला उद्देशून लिहिलं असलं तरी बाबा, आजोबा, मावशी, कुणालाही हे करता येतं.

आधी झोका मोजा

शब्द किंवा चाल नंतर. जात्यावरच्या ओवीला जसा जात्याचा फेरा माप देतो, तसं अंगाईला झोका देतो. म्हणून पहिलं काम घड्याळ घेऊन करायचं. बाळ झोळीत किंवा पाळण्यात असताना हलका झोका द्या आणि दहा पूर्ण झोके (गेला आणि परत आला, म्हणजे एक) किती सेकंदांत होतात ते पाहा. त्याला दहाने भागा.

दोरीवर लोंबणाऱ्या झोळीचा वेळ दोरीच्या लांबीवर ठरतो. कडीपासून बाळाच्या पाठीपर्यंत १ मीटर अंतर असेल तर एका झोक्याला साधारण २ सेकंद, दीड मीटरला अडीच, २ मीटरला २.८ आणि अडीच मीटरला सव्वातीनच्या आत-बाहेर. बाळ चार किलोचं असो की आठ, हा वेळ बदलत नाही. जोरात ढकललं तरी झोळी लांब जाते, लवकर परत येत नाही. त्यामुळे रडणाऱ्या बाळासाठी "जरा भराभर हलव" म्हणणाऱ्या पाहुण्यांना भौतिकशास्त्रच नकार देतं. स्प्रिंगच्या झुल्याचं मात्र वेगळं आहे. तो वर-खाली होतो आणि बाळाचं वजन वाढलं की मंदावतो, म्हणून त्याचं माप दर महिन्याला पुन्हा घ्या.

स्टँडच्या लाकडी पाळण्याच्या दांड्या आखूड असतात. ६० सेंटिमीटरच्या दांडीला एक झोका दीड सेकंदात संपतो. तिथे गाण्याची एक ओळ दोन झोक्यांवर पसरायची, नाहीतर शब्द धावत सुटतात. मांडीवर थोपटत असाल तर मिनिटाला साठ थोपट्या आणि एका थोपटीला दोन अक्षरं, हे माप धरा.

गाण्याआधी झोळीबद्दल थोडं. कडी स्लॅबमध्ये पक्की हवी, कापड सुती आणि न विरलेलं हवं, वर तोंड उघडं राहावं म्हणून आडवी काठी हवी आणि झोळी जमिनीपासून हातभराहून उंच नको. झोळीत बाळाचं शरीर वाकतं, हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडू शकतो. म्हणून तिथे बाळाला एकटं सोडायचं नाही, आणि झोप लागली की सपाट, टणक गादीवर उताणं ठेवायचं. उशी नको, सैल दुपटी नकोत. झोका म्हणजे झोकाच, हिसके किंवा गदागदा हलवणं कधीही नाही. त्याने मेंदूला इजा होते.

चाल: चार-पाच स्वर पुरेत

"हं" असा सहज हुंकार द्या. तो जिथे लागतो तिथे किंवा एखादा स्वर वर तुमचा सा. हा सा मुद्दाम खाली ठेवायचा, कारण रात्री दोन वाजता बसल्या जागी, अर्ध्या झोपेत गायचं आहे.

एक चाल देतो, आठ अक्षरांच्या ओळीला आठ स्वर:

पहिली ओळ: सा रे ग ग म ग रे ग
दुसरी ओळ: तशीच
तिसरी ओळ: ग म प प म ग रे ग
चौथी, अर्धी ओळ: ग – रे – सा – सा –

सगळ्यात उंच स्वर पंचम (प), तोही फक्त तिसऱ्या ओळीत. चौथी ओळ उतरत जाऊन सा वर बसते, आणि हे बसणंच महत्त्वाचं. दर कडव्याला गाणं घरी पोचतं, ही खूण बाळाला काही दिवसांत कळते. ग कोमल, म्हणजे जरासा उतरवून, घेतलात तर चाल अधिक निवांत वाटेल. ही नको असेल तर आरतीची, भोंडल्याच्या गाण्याची, अगदी शाळेच्या प्रार्थनेची चाल निम्म्या वेगाने घ्या. मात्र वरच्या सा पर्यंत जाणारी, मध्येच उडी मारणारी चाल टाळा. सिनेमातल्या अंगाया ऐकायला सुंदर असतात, पण तिथे मागे वाद्यवृंद असतो आणि गायिकेला सकाळी उठून डबा करायचा नसतो.

शब्द: घरातलं सामान घ्या

संध्याकाळी सातनंतर घरात जे जे थांबतं, मिटतं, निजतं त्याची यादी करा. दहा वस्तू पुरेत. भांडी, नळ, आजोबांचा चष्मा, गॅलरीतली तुळस, गल्लीतली शेवटची रिक्षा, कुत्रं, टीव्ही, दिवा. चांदोमामा, परी आणि निळं आभाळ सुरुवातीला बाजूला ठेवा. ते फार गुळगुळीत झालेत आणि त्यांच्यावर तिसरं कडवं सुचत नाही, उलट घरातल्या वस्तू रोज नवं काहीतरी करतात.

साचा ओवीचा घ्यायचा: आठ-आठ-आठ आणि चार अक्षरं. पहिल्या तीन ओळींच्या शेवटी यमक, चौथी आखूड आणि मोकळी. मोजताना जोडाक्षर एकच धरतात, म्हणजे "चष्मा" दोन अक्षरं, "तुळशीच्या" चार.

आता एक कडवं बांधू. पहिलं वाक्य साधं लिहा: ओट्यावर भांडी पालथी घातली. "ओट्यावर भांडी पालथी" ही नऊ अक्षरं झाली. "भांडी झाली की पालथी" आठ, आणि बोलण्यासारखंही वाटतं. शेवटी "ई" आली, तेव्हा पुढच्या ओळी ई वर संपवायच्या. आजोबांनी चष्मा काढून ठेवला: "चष्मा गेला खोक्यामधी". अक्षरं आठ, यमक जुळलं, पण "खोक्या" जिभेवर खडखडतं. चष्म्याच्या डबीला आपण घर म्हणतोच की! "चष्मा गेला घरामधी". आवाज मऊ झाला आणि अर्थही गोड झाला. तिसरी ओळ थोडी लांब बघते, चौथी निजते:

भांडी झाली की पालथी
चष्मा गेला घरामधी
तुळशीच्या पानावरी
वारा निजे

पालथी, मधी, वरी हे काटेकोर यमक नाही. अंगाईला एवढं चालतं, कारण ओढून गायलं की कानाला फक्त "ई" उरते. दुसरं कडवं "ऊन" वर:

रिक्षा गेली गल्लीतून
कुत्रं बसलं दमून
दिवा गेला मालवून
आई जागी

"न" वर संपणाऱ्या ओळींचा एक फायदा आहे: शेवटचं अक्षर तोंड मिटून लांबवता येतं आणि गाण्यातून गुणगुणण्यात अलगद शिरता येतं. एकूणच म, न, ल, व, र, य ही अक्षरं आणि आ, ओ, ऊ हे दीर्घ स्वर झोपेच्या बाजूचे. ट, ठ, ख, छ, फ ओळीच्या शेवटी आले की बाळ डोळे उघडून बघतं.

नाव गुंफायला वेगळी ओळ ठेवा. दोन अक्षरी नाव असेल तर "मीराबाई दमलीस" किंवा "वेद बाळा दमलास", तीन अक्षरी असेल तर "सायली गं दमलीस", चार अक्षरी असेल तर "अनिरुद्धा दमलास". सगळ्या आठात बसतात. अक्षर कमी पडलं तर गं, रे, बाई, माझ्या यांनी भरा. जुन्या ओव्यांमध्ये बायकांनी हेच केलं आहे. एखादं वाढलं तर दोन अक्षरं एका स्वरात उरका. कागदावर नऊ असलेली ओळ झोक्यात बसत असेल तर ती बरोबर आहे.

दोन मीटरच्या झोळीत एक ओळ एका झोक्यात बसते, सेकंदाला जेमतेम तीन अक्षरं. चौथ्या ओळीची चारच अक्षरं पूर्ण झोक्यावर ताणायची. एक कडवं म्हणजे चार झोके, अकरा-बारा सेकंद. दहा मिनिटांत पन्नासेक कडवी होतात! म्हणून पन्नास रचायची नसतात. दोन-तीनच पुन्हा पुन्हा म्हणायची, आणि दर रात्री फक्त एक ओळ बदलायची: आज पाऊस आला, आज मामाचा फोन आला, आज दूध उतू गेलं. नावीन्य तुमच्यासाठी, पुनरावृत्ती बाळासाठी.

रात्री गाताना

बाळ रडत असेल तर पहिल्या मिनिटाला मऊ आवाजात एकदम सुरू करू नका, ते त्याला ऐकूच जात नाही. रडण्याच्या जवळपासच्या जोराने, नुसत्या "ओ ओ ओ" किंवा "जो जो" वर सुरुवात करा. बाळ श्वास घ्यायला थांबलं की त्या फटीत तुमचा आवाज पोचतो. मग आवाज आणि वेग दोन्ही उतरवत आणा. या वेळी बाळ कडेवर किंवा मांडीवर असलेलं बरं, कारण झोळीचा वेग तुमच्या हातात नसतो, थोपटण्याचा असतो. शांत झालं की झोक्याच्या मापावर शब्द सुरू करा.

डोळे जड झाले की शब्द गळू द्यायचे. आधी पूर्ण कडवं, मग फक्त चौथी ओळ, मग "हं हं" अशी चाल, शेवटी नुसता लांब श्वास. गाणं थांबल्यावरही झोका किंवा थोपटणं थोडा वेळ चालू ठेवा, आणि तेही हळू करत थांबवा. दोन्ही एकदम थांबवलं की बाळ दचकतं. "आत्ता तर झोपलं होतं" ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते.

कुठे बिघडतं

तिसऱ्या कडव्याला दम लागतो: तुमचा सा फार उंच लागला आहे. दोन स्वर खाली या, लाजू नका.

बाळ झोपायच्या ऐवजी खेळायला लागतं: बहुधा दिवसा खेळताना तेच गाणं म्हटलं जातंय. झोपेचं गाणं फक्त झोपेला ठेवा. घरात कुणी हौसेने पाहुण्यांसमोर "म्हण गं ते तुझं गाणं" म्हणालं तर दुसरं म्हणा.

आपोआप वेग वाढतो: मनात उद्याची कामं धावत असतात, तोंड त्यांच्या मागे जातं. झोळीकडे बघून गा, शब्द झोक्याच्या टोकाला पोचल्याशिवाय पुढचा उच्चारू नका.

मोबाइलवर अंगाई लावली तर? ती बाळाचे डोळे मिटताना बघून मंदावत नाही, आणि पडद्याचा उजेड वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये. तान्ह्यांच्या कानाला भाषेचा अडसर नसतो, हेही सांगायला हवं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतली बाळं कधीही न ऐकलेल्या भाषांतल्या अंगायांनी शांत होताना दिसली. त्यामुळे न्यू जर्सीत किंवा दुबईत घरातल्या एकालाच मराठी येत असेल तर दुसऱ्याने आपल्या भाषेत गावं, किंवा नुसती "जो जो" ची ओळ सांभाळावी. उच्चार कोण तपासतंय?

काही रडणी गाण्याची नसतात. भूक, ओलं लंगोट, पोटातला वायू, बोचणारं बटण आधी पाहा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर झोपवत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. मोठ्या आवाजाला बाळ दचकत नसेल, तुमच्या आवाजाकडे वळत नसेल तर श्रवणचाचणी करून घ्या. तशी ती प्रत्येकच बाळाची पहिल्या महिन्यात व्हायला हवी.

आणि आईलाच गावंसं वाटत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येत असेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर तो आळस नव्हे. डॉक्टरांशी बोला. ब्रिटनमध्ये प्रसूतीनंतरचं नैराश्य असलेल्या १३४ आयांबरोबर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळांसह दहा आठवडे गटात गाणाऱ्या आणि जास्त त्रास असलेल्या आया इतरांपेक्षा लवकर सावरल्या. तरी गाणं हे उपचारांच्या जोडीला, त्यांच्या जागी नाही.

मालिशीचं गाणं उलट्या नियमांचं

इथे बाळ जागं हवं, हसायला हवं. म्हणून झोपेत टाळलेली ट, ठ आणि त्यांच्यासारखीच ठसकेदार प, क ही अक्षरं मुद्दाम घ्या. ओळी आखूड, एका शब्दाला हाताची एक फिरकी. बाळाचा चेहरा २०-३० सेंटिमीटरवर असू द्या, नवजात बाळाला तेवढ्याच अंतरावरचं बरं दिसतं.

टाच टाच तळवा
पाय जरा हलवा
पाठ पाठ पाटी
हात लांब काठी

इथे अक्षरं नाही, मात्रा मोजायच्या (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन): प्रत्येक ओळ दहा मात्रांची, ३-३-४. घरच्या मालिशीचा जो क्रम असेल तोच गाण्याचा ठेवा आणि रोज तोच. चौथ्या महिन्याच्या आसपास बाळ मध्येच "आं" करतं. तिथे थांबा, त्याला वाट द्या आणि मग पुढची ओळ. सहाव्या-सातव्या महिन्यात "हात लांब…" म्हणून थांबलात की हात पुढे येऊ लागतो. दीड वर्षाचं मूल "काठी" स्वतः भरतं, आणि लवकरच "काठी"च्या जागी भलतंच काहीतरी भरून स्वतःच हसतं. तो बदल वहीत लिहून ठेवा, दुरुस्त करू नका.

बारशाचा पाळणा

बारशाला बाया पाळणा म्हणतात. त्याचा जुना साचा फार सोयीचा आहे: पहिल्या दिवशी अमुक, दुसऱ्या दिवशी तमुक, आणि दर कडव्याला "जो बाळा जो जो रे जो". हा साचा कुणा एकाच्या मालकीचा नाही. आपलं घर त्यात बसवा:

पहिल्या दिवशी पाऊस पडला
दवाखान्याचा रस्ता अडला
जो बाळा जो जो रे जो

दुसऱ्या दिवशी आली आजी
डिंकाचे लाडू, मेथीची भाजी
जो बाळा जो जो रे जो

बारा दिवसांची बारा कडवी करण्याचा मोह आवरा. पाच-सहा झाली की पाहुण्यांचं लक्ष जेवणाकडे जातं. प्रत्येक बाजूची माणसं एकेकदा यायला हवीत, आजोळची दोन आणि दुसरीकडची एकच असं झालं तर ते बरीच वर्षं ऐकावं लागतं. आत्याचं कडवं शेवटून दुसरं ठेवा. ते संपल्यावर तिने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि शेवटच्या कडव्यात ते नाव सगळ्यांनी म्हणायचं. तोवर नाव कुठल्याही ओळीत येऊ देऊ नका. शब्दांच्या चार-पाच प्रती काढून ठेवा, पालुपद सगळ्यांना येतं, कडवी कुणालाच येत नाहीत.

आजीकडून ओळी काढताना

घरात जात्यावर दळलेली कुणी बाई असेल तर तिच्याकडे खजिना असू शकतो. हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या घरात जातात, आणि त्यांत तान्ह्या बाळावरच्या ओव्याही आहेत. पण समोर बसून "आजी, ओव्या सांगा" म्हटलं की उत्तर येतं, "आता काय आठवतंय!" हाताला काम द्या. शेंगा सोलताना, वाती वळताना, खरं तर नातवाला झोका देताना, आपण एक चुकीची ओळ म्हणा. ती दुरुस्त करायला दोन ओळी येतील. फोनवर आवाज टिपायला आधी विचारा, मग फोन उपडा ठेवून विसरून जा. अर्थ लगेच विचारू नका, ओघ तुटतो. लिहिताना तिने म्हटलं तसंच लिहा, "निजं" चं "निजे" करू नका. गाव, कुणाकडून आली आणि तारीख हे तीन तपशील प्रत्येक ओवीखाली नोंदवा, आणि टिपलेला आवाज फोनबाहेर आणखी एका ठिकाणी साठवा.